माणूस बाराच्या उन्हात बघावा

पुंडलिकनगर, छ. संभाजीनगर
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ति. आजीस,
मेघाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडं रूपाआत्याकडं सगळे मजेत. आत्याचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पण ते तुला कळवायचं नाही असं तिनं बजावलंय, म्हणून आधी तेच लिहिलं. अण्णांचा खोकला गेला का? आई औषध वेळेवर घेते का?

माझ्या नोकरीची बातमी अशी, की ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात आजवर मी नुसती तिकिटं काढत होते. आता साहेबांनी नवं काम दिलंय. राज्यात सूर्यास्त बघायला कुठं कुठं जावं, याचं माहितीपुस्तक काढायचं, आणि ते मी लिहायचं. ऑफिसची गाडी मिळते, जेवणाचा भत्ता मिळतो. साहेब स्वतः टेबल सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं, सूर्यास्त त्यांनी फोटोत पुष्कळ पाहिलेत.

पहिल्या आठवड्यात आपल्या बुद्ध लेणीवर गेलो. तू चौदा एप्रिलला आम्हाला घेऊन यायचीस तेव्हा आपण सकाळीच चढून उतरायचो, संध्याकाळ तिथं कधी पाहिलीच नव्हती. खाली मकबऱ्याचे मिनार आधी पिवळे होतात, मग गुलाबी, आणि मग शहरातले दिवे लागले की मकबरा एकदम म्हातारा दिसतो. नंतर म्हैसमाळ. कड्याच्या टोकाला वारा इतका, की ओढणी सांभाळू का वही, कळेना. दगड सुटे आहेत, पुढं जाऊ नका, असं आधीच सांगितलं होतं म्हणून बरं. गेल्या रविवारी पैठणला नाथसागरावर. सूर्य पाण्यात उतरतो तेव्हा पाणी तापलेल्या तव्यासारखं लाल होतं. आम्ही टपरीवर दोन चहा घेतले आणि अंधार पडायच्या आत निघालो.

आता तू सांग, पिशोरात सूर्यास्त बघण्याची चांगली जागा कोणती? पुस्तकात टाकीन म्हणते.

उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल, पण ये. तुझा लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
मेघा


पिशोर, ता. कन्नड
दि. २४ फेब्रुवारी

चि. मेघास,
आजी भामाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणला, वाचून दाखवू का आजी. म्हणलं, मला येतं वाचता, तू तुझी फटफटी सांभाळ. साठीत रात्रवर्गाला जाऊन अक्षरं शिकले, ती वापरली नाय तर गंजतील म्हणून मी लिहिते. फोन मला नको. फोन केला की तुझा बाप बन्सी स्पीकर लावतो, मी तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तोच देतो, आणि वर शेजारच्या आवडाबाई ओट्यावरून विचारतात, मेघाला सर्दी झाली का. पत्र बरं. पाकिटाला कान नसतात.

बन्सीचा खोकला गेला, बोलणं राहिलं. तुझी आई बरी आहे. रूपाच्या गुडघ्याला म्हणावं, जिना चढू नको, घरच खाली घे.

आता तुझ्या सूर्याचं. पोरी, पगार देऊन माणसाला दिवस मावळताना बघायला पाठवतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडं रोज मावळतो, फुकट मावळतो, आणि कुणी बघत नाय. त्या वक्ताला शेळ्या आणायच्या असतात, पाणी भरायचं असतं, चूल पेटवायची असते. मी आतापावेतो दिवस मावळलेला पाठीनं पाहिला. पाठ तापायची थांबली की समजायचं, गेला. ज्याची चूल दुसरं कुणी पेटवतं त्याचा सूर्यास्त. बाकीच्यांची नुसती सांज.

जागा विचारलीस. आपल्या शेताच्या वर बरड हाय. तिथून गौताळ्याचे डोंगर लई चांगले दिसतात असं शेळीवाले सांगतात. मी तिथं सरपणाला जायची, डोंगराला नाय. तुझ्या पुस्तकात ते टाकू नको. लोक येतील, वेफरचे कागद टाकतील, आणि आमच्या शेळ्या ते खाऊन मरतील.

दुसरं. साहेब टेबल सोडत नाय म्हणतेस, मग "आम्ही" कोण? चहा दोन कुणी घेतले? दगड सुटे हायेत हे आधी कुणी सांगितलं? मला चार इयत्तांएवढं येतं, पण एक आणि दोन मला कळतात.

तिसरं महत्त्वाचं. बन्सीनं तुझ्यासाठी नाशिकचं स्थळ धरलंय. पोरगा बँकेत हाय. फोटो आला, मावळतीचा काढलेला, तोंड नुसतं सोन्याचं. बन्सी म्हणतो बुद्ध पौर्णिमेला होकार देऊन टाकू. मी म्हणलं पोरीला विचार. तो म्हणला, विचारायचं काय, बँक हाय. मी म्हणलं, लग्न पोराशी लावायचं का बँकेशी. तर रुसून बसला. पन्नाशी आली तरी रुसतो.

काय ते खरं लिही. लोभ ठेव. नाय ठेवला तरी आजी बदलून मिळत नाय.

भामाबाई


पुंडलिकनगर
दि. २३ मार्च

ति. आजीस,
मेघाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण खरं लिही म्हणालीस.

मधल्या दिवसांत लांबचे दौरे झाले. महाबळेश्वरला मुंबई पॉइंटवर माणसं सूर्याकडं पाठ करून फोटो काढत होती, सूर्य गेला तेव्हा निम्म्यांना कळलंही नाही. कोकणात हरिहरेश्वरला खडकावर बसून समुद्र पाहिला. आजी, तिथं सूर्य आधी चपटा होतो, मग त्याची भाकर होते, मग कोर राहते आणि मग काहीच नाही. मला वाटलं, आवाज येईल. आला नाही.

"आम्ही" म्हणजे मी, ऑफिसची कॅमेरावाली सोनिया, आणि गाडीचा ड्रायव्हर. सोनियाला चहा चालत नाही. ड्रायव्हरचं नाव संघपाल. गंगापूरचा आहे, आपल्यातलाच. बारावी झालेला. गाडी हळू चालवतो, आणि माझं लिहिलेलं वाचायला मागतो. एका ठिकाणी मी "नयनरम्य" लिहिलं होतं. तो म्हणाला, हे सगळ्याच पुस्तकांत असतं, तुम्हाला काय दिसलं ते लिहा ना. मला राग आला होता. मग मी ते खोडलं.

त्यानं मागच्या महिन्यात लग्नाचं विचारलं, आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला तो आवडतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आत्यालाही नाही.

पण एक गोष्ट मला खाते. कुठंही गेलो तरी सूर्य टेकायला आला, की तो उठतो, गाडीमागं जातो आणि फोन करतो. रोज. लेणीवर, म्हैसमाळला, हरिहरेश्वरला सुद्धा. कधी दहा मिनिटं, कधी जास्त. परत येतो तेव्हा सूर्य गेलेला असतो. इतके सूर्यास्त आम्ही बरोबर पाहायला गेलो, आणि बरोबर एकही पाहिला नाही. एकदा कानावर आलं, कुणाला तरी म्हणत होता, रडू नको, मी आहे ना. फोनमधून येणारा आवाज बाईचा होता. विचारायला माझं तोंड उघडत नाही. सोनिया म्हणते, उघड आहे, गावाकडं कुणीतरी आहे.

अण्णांचा रोज फोन येतो, नाशिकला काय कळवू म्हणून. मला नाशिकला जायचं नाही. पण ज्याच्यासाठी नाही म्हणायचं, तोच असा निघाला तर? तू अण्णांशी बोलशील का?

रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव. तुझ्या रागातही लोभ असतो, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
मेघा


पिशोर
दि. ३१ मार्च

चि. मेघास,
भामाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

रागावले नाय. रागाला कागद पुरत नाय म्हणून.

तुला एक सांगते, ते बन्सीलाबी ठाऊक नाय. तुझ्या आजोबांना मला मावळतीला दाखवलं होतं. त्यांची माणसं बैलगाडीनं आली ती नेमकी दिवस बुडताना. मी दाराआडून पाहिलं. गाडीवर बसलेला, डोक्याला रुमाल, सगळं अंग पिवळंधमक, वाटलं हा कुणी जहागीरदार हाय. लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेतात भाकर घेऊन गेले तर त्यानं रुमाल काढला. एका डोळ्यात फूल. त्या डोळ्यानं दिसतच नव्हतं. मावळतीचं ऊन असं असतं, बैलबी सोन्याचा दिसतो.

माणूस वाईट निघाला नाय. एका डोळ्यानं जेवढं बघायचं तेवढं त्यानं नीट पाहिलं, मला आणि पोरांना. आधी सांगितलं असतं तरी मी त्यालाच केलं असतं. पण सांगितलं नाय, ते मला जन्मभर टोचलं, आणि जन्मभर त्याला टोमणे मारायची माझी सोय झाली.

तू ह्या पोराला सगळीकडं मावळतीलाच पाहिलंस. नोकरीच तशी. म्हणून तुला तो सोन्याचा दिसतो, आणि सोन्याचं माणूस चोरीला जाईल असं भ्या वाटतंय. माणूस बाराच्या उन्हात बघावा. तेव्हा त्याची सावली त्याच्या पायाखाली असते, लपवायला जागा नसते.

फोनचं मी काय सांगू. तू विचारत नायस, कारण उत्तर तुला नको हाय. ती सोनिया म्हणते ते खरं असेल, नाय तर नसेल. एवढं मात्र मला कळतं, की दिवस मावळताना जो माणूस घरी फोन करतो, त्याच्या घरी त्या वक्ताला काहीतरी अडतंय. लफडेवाला माणूस त्याच घडीला रोज फोन करत नाय. त्याला घाई नसते.

त्याला इथं आण. मेच्या पहिल्या रविवारी. बन्सी आणि तुझी आई त्या दिवशी कन्नडला लग्नाला जाणार हायेत, सांजेला येतील. बारा वाजता शेतात या, घरी नाय. डोळ्याला काळा चष्मा असला तर काढून. बन्सीशी मी त्यानंतर बोलीन. न बघता मी कुणाची वकिली करत नाय, नातीचीबी नाय.

पाणी पीत जा. लोभाचं म्हणशील तर तो पत्राच्या वजनात मावत नाय, पोस्टवाला जादा तिकीट मागेल.

भामाबाई


पिशोर
दि. ६ मे

चि. रूपास,
तुझ्या आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

मेघा तिकडं येऊन तुला काय बोलली नसंल, तोंड मिटून बसली असंल. म्हणून मी लिहिते. हे पत्र वाचून तिला दाखवू नको. दाखवशील हे मला माहीत हाय.

रविवारी ती गाडीवाल्या पोराला घेऊन आली. संघपाल. बारालाच आले. ऊन असं, की कावळा बोलेना. मी मुद्दाम लिंबाच्या सावलीत न बसता उन्हात अद्रकीचं बेणं निवडत बसले होते. पोरगा उंच, काळा, नाक बरं. कान जरा मोठे. डोळे दोन्ही मी आधी बघून घेतले. जयभीम केला. मी तांब्या पुढं केला, तर त्यानं घेतला नाय. म्हणला, "आजी, पाणी नंतर. आधी एक सांगायचंय, ते ऐकून मग पाणी द्यायचं का ते ठरवा."

मी म्हणलं, सांग.

त्याची आई वारली हाय. बाप ऊसतोडीच्या टोळ्यांवर मुकादम, घरी कमी. बहीण एक, विशाखा, मेघाच्याच वयाची. चार वर्षांखाली काळीपिवळी जीप उलटली, त्यात तिची कंबर गेली. बाजेवरून आपली आपण उठता येत नाय. सकाळी हाच तिचं सगळं करून निघतो, सांजेला एक शेजारीण येऊन तिला उठवून बसवते, चहा-भाकरीचं बघते. पण सांजेला त्या शेजारणीचीबी चूल असते, तिचीबी लेकरं असतात. मुक्कामाचा दौरा असला तर सकाळचंबी तीच बघते. पण सांजेला कधी येते, कधी विसरते. न आली तर पोरगी अंधारात तशीच पडून. म्हणून हा त्या वक्ताला फोन करतो. आली का? नाय आली, तर आणखी दोघी-तिघींना फोन करतो. आमच्या मेघाचा सूर्यास्त तिथं बुडत होता.

शेवटी म्हणला, विशाखा कायम माझ्याजवळ राहणार. ज्यांना चालेल त्यांनीच हो म्हणावं.

मी त्याला विचारलं, हे हिला आधी का नाय सांगितलं. तर म्हणतो, गाडीत बसलेल्या माणसापुढं घरचं गाऱ्हाणं गाऊ नये, हे धंद्यात पहिलं शिकवतात. मग सांगायची वेळ झाली तेव्हा भीती वाटली, की ही दया म्हणून हो म्हणेल. मी म्हणलं, आमच्याकडं दयेचं पीक येत नाय, जमीन हलकी हाय. तांब्या त्याच्या हातात दिला. घटाघटा प्यायला.

मेघा बेण्याचा तुकडा नखानं सोलत बसली. तिचं तोंड मी पाहिलं. तिला बहिणीचं जड गेलं नाय, लपवलं त्याचं गेलं. माझीच नात.

दुपारभर त्याला बेणं निवडायला बसवलं. त्यानं तुकडे लई बारीक मोडले. म्हणलं, ह्या तुकड्याला डोळाच नाय, उगवेल काय तुझं कपाळ? तर ऐकून घेतलं, परत एकदा दाखवा म्हणला, आणि मग नीट मोडले. मला येतं असं म्हणला नाय. हे मी लक्षात ठेवलं.

चार वाजता मी म्हणलं, जा आता. तर म्हणतो, मेघा म्हणते इथून डोंगर दिसतात, मला आज सूर्यास्त बघायचाय, आज शेजारीण नक्की येणार हाय. बरं म्हणलं. सहा वाजले, मी उठले खोपीतल्या चुलीकडं जायला, उन्हाळ्यात सांजेचं आम्ही शेतातच रांधतो. बन्सी लग्नात जेवला तरी घरी येऊन परत जेवतो, तुला ठाऊकच हाय. तर ह्या पोराचा फोन वाजला. बाजूला गेला, बोलला, आला. म्हणला, आली शेजारीण. आणि मला म्हणला, "आजी, तुम्ही बसा. चूल मी पेटवतो, मला सवय हाय. तुम्ही दोघी बघा."

रूपा, मी काडेपेटी त्याच्या हातात दिली. आजवर ती मी कुणाच्या हातात दिलेली तू पाहिलीयस का? मी आणि मेघा बरडावर दगडावर बसलो. खाली शेतातल्या खोपीतून धूर निघत होता. समोर डोंगरामागं दिवस चालला होता. लई मोठा झाला होता, लाल, भट्टीतल्या लोखंडासारखा. मी पाठीऐवजी तोंडानं पाहिला. हात कुठं ठेवावे कळेना, मांडीवर ठेवले तर मोकळे मोकळे वाटायला लागले. मेघा म्हणली, आजी, रडतेस का. म्हणलं, धूर आलाय. ती म्हणली, धूर तर खाली हाय. कार्टी.

तेवढ्यात बन्सी आणि सूनबाई लग्नाहून थेट शेतात आले, आणि बघतात तर खोपीत परका माणूस, डोळ्यांतून पाणी, हाताला पीठ. बन्सी म्हणला, कोण रे तू? तो म्हणला, बसा काका, भाकर गरम हाय. बन्सी दोन भाकरी आणि ठेचा खाऊन मग रागावला. गाडीवाला हाय कळलं तेव्हा ताट बाजूला सारलं, पण ताट रिकामं होतं.

मी बन्सीला एकच म्हणलं, तुझ्या नाशिकवाल्यालाबी बारा वाजता शेतात बोलाव. मग दोन्ही बघून बोल.

मेघाला काय सांगू नको. मी तिला इथून निघताना म्हणलं हाय, त्या पोरीला बघून ये, आणि बारा वाजता बघ. आपल्याला जमतं का नाय, ते तिथं ठरव. इथं बरडावर ठरवू नको.

गुडघ्याला मोहरीचं तेल लाव. आईवर लोभ असू दे, पण फोन करू नको.

आई


पुंडलिकनगर
दि. १४ मे

ति. आजीस,
मेघाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आत्याला लिहिलेलं पत्र आत्यानं मला दाखवलं. तुला ते ठाऊकच होतं, म्हणून लपवत नाही.

बुद्ध पौर्णिमेला सकाळी विहारात जाऊन गंगापूरला गेले. एकटीच, एस.टी.नं. संघपालला सांगितलं नव्हतं. बाराला त्यांच्या दारात उभी. तो घरीच होता, बादलीत बहिणीचे कपडे भिजवत. मला बघून बादली लपवायला लागला, मग हसला आणि राहू दिली.

विशाखानं मला बाजेवरूनच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, सूर्याचं पुस्तक लिहिणारी तूच का. म्हणाली, दादा रोज येऊन सांगतो, आज कुठं गेलो, काय दिसलं. पण सूर्य कसा गेला ते त्याला कधीच सांगता येत नाही. मी म्हणते, इतक्या लांब जातोस आणि अर्धंच बघून येतोस. आजी, ती तुझ्यासारखी बोलते. मला भीती वाटली, दोघी एकत्र आलात तर आमचं काय होईल.

दुपारभर राहिले. तिला उठवायचं कसं, कमरेखाली हात कुठून घालायचा, ते तिनंच शिकवलं. पहिल्यांदा मी चुकले, तिला दुखलं, तिनं शिवी दिली. दुसऱ्यांदा जमलं. हे सोपं नाही, आजी. तुला खोटं लिहिणार नाही. मी दुपारी दोनदा मनात नाही म्हणाले.

पाचला मीच म्हटलं, गाडी आहे ना, चला. तिघांनी मिळून तिला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशा. तिघं म्हणजे ती धरून, कारण सूचना तिच्या होत्या. कायगावला गोदावरीच्या पुलाजवळ गाडी पाण्याकडं तोंड करून लावली. खाली उतरलो नाही, काचा खाली केल्या. पाण्यावर बगळे होते. सूर्य टेकायला आला तेव्हा संघपालचा हात सवयीनं खिशाकडं गेला. मग तो थांबला. फोन करायला घरी कुणी नव्हतं, ती पुढं बसलेली होती.

पूर्ण पाहिला. शेवटपर्यंत. विशाखा म्हणाली, एवढंच? आणि मग म्हणाली, परत उद्या.

मी त्याला होकार दिला. त्याला एवढंही सांगितलं, की यापुढं काही लपवलंस तर मी आजीसारखी जन्मभर टोमणे मारीन. आजोबांच्या डोळ्याची गोष्ट त्याला सांगितली होती, म्हणून तो म्हणाला, चालेल, पण माझे डोळे दोन्ही नीट आहेत.

आता अण्णांचं तेवढं तू बघ. इतका लोभ केलास, आणखी एवढा कर.

तुझी,
मेघा


पिशोर
दि. २२ मे

चि. मेघास, आणि तिथं असंल तर संघपालास,
भामाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

बन्सीचं झालं. नाशिकवाल्यांना त्यानं माझ्या म्हणण्यानं बाराची वेळ कळवली. ते म्हणले, उन्हाचं जमणार नाय, सांजेला हॉल घेऊ, फोटो चांगले येतात. बन्सीला राग आला. म्हणला, माझ्या आईनं सांगितलेली वेळ ह्यांना जमत नाय म्हणजे काय. मी गप्प बसले. कधी गप्प बसावं हे मला येतं, वापरत नाय एवढंच. दोन दिवसांनी जेवताना आपला आपणच म्हणला, त्या पोराला भाकर कुणी शिकवली? मी म्हणलं, परिस्थितीनं. मग म्हणला, पावसाळ्याआधी गंगापूरला जाऊन त्याच्या बापाशी बोलून येतो. ऊन असतानाच जा म्हणलं.

विशाखाला माझा जयभीम सांग. अद्रक लावून झाली की तिला इकडं आणा. बैलगाडी बरडापर्यंत जाते. शिव्या चांगल्या देते म्हणालीस, मला ऐकायच्या हायेत.

पण तू एक लिहिलं नाय. तिघं नदीवर बसलात, तर त्या दिवशी चूल कुणी पेटवली? घरी येऊन अंधारात पेटवली असंल आणि उशिरा जेवला असाल. मला वाटायचं, दिवस बुडायच्या आत चूल पेटली नाय तर घर बुडतं. बुडत नाय म्हणजे.

परवा खातरी करून पाहिली. सहाला बन्सीला खोपीत बसवलं, पीठ पुढं ठेवलं, म्हणलं एका परक्या पोराला येतं ते तुला येत नाय काय. आणि तुझ्या आईला हाताला धरून बरडावर नेलं. ती सारखी मागं वळून बघत होती, धूर निघतो का. निघाला, लई निघाला. दिवस गेला, त्यात विशेष काय नव्हतं, उद्या परत येणार. भाकरीचे नकाशे झाले होते, ते आम्ही नंतर खाल्ले.

पण अंधार पडला तरी तुझी आई उठेना. चल म्हणलं, तर म्हणली, थोडं थांबा ना. मग मीबी बसले.

लोभ पुरवून वापरा, आता तो तुम्हा तिघांत वाटायचाय.

भामाबाई